मे महिन्यात डीसीसी द्रव असते

डॉ. इंदुमती सपकाळे मॅडमची आणि माझी पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. मुलगी म्हणजे त्यांची विद्यार्थिनी, माझी पत्नी ज्योती.

हा लेख खरे तर ज्योतीने लिहायचा होता. मॅडमच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथाची आखणी झाली तेव्हा पहिल्या संशोधक विद्यार्थिनीचा लेख म्हणून संपादक मंडळाने तिचे नाव धरले होते. तिने होकारही दिला होता. त्याच हिवाळ्यात ती गेली. मग मंडळाने मला विचारले. मी शिंदखेड्याच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. रसायनशास्त्र मला बारावीपर्यंतचे येते आणि पुढचे ज्योतीच्या तोंडून ऐकलेले. लेख लिहिण्याची सवय नाही. तरी मी हो म्हटले, कारण ती जागा कोरी राहिलेली मॅडमना चालली नसती.

आम्ही जळगावजवळच्या असोद्याला मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलगी घरात नव्हती. आई, मामा आणि मी ओसरीवर बसलो. ज्योतीचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, वरमून गेले होते.

"काय सांगू तुम्हाले," आबा म्हणाले, "सकायपासून जळगावले कॉलेजात जाऊन बसली. म्हणे रिअॅक्शन लावली, मधात सोडता येत नाही. त्या मॅडमबी सोडत नाहीत."

मामा उठायला लागले होते. आई म्हणाली, "मंग आपुनच जाऊत तठे. एवढा लांबथून उनूत."

आबांनी रिक्षा केली आणि आम्ही सगळे कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेच्या दारात एक सावळ्या, उंच बाई पांढरा कोट घालून उभ्या होत्या. त्या मॅडम. आबांनी पाहुणे आल्याचे सांगितले. मॅडमनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "ती अर्ध्या तासाने मोकळी होईल. फ्लास्क बर्फात आहे, सोडून येता येत नाही. मुलगी पाहायची आहे ना, मग इथून पाहा. दाराच्या आत कोणी यायचं नाही."

ज्योतीने मान वळवली. तिच्या दोन्ही पापण्या सुजलेल्या होत्या, डोळे जेमतेम उघडत होते आणि गळ्यावर लाल पुरळ होते. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "चला, निघू." आईने मात्र सरळ विचारले.

"हाई काय शे बाई? पोरना डोया काबरं सुजेल शेतस?"

"रोग नाही," मॅडम म्हणाल्या. "डीसीसी नावाचं रसायन आहे. त्याची भुकटी उडाली की असं होतं. दोन दिवसांत उतरेल. हे माझे हात पाहा." त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या. मनगटांवर जुने डाग होते. "लपवायचं असतं तर मी तिला आज सुट्टी दिली असती."

"मंग हाई काम सोडी का देत नही?"

"तुम्ही मिरच्या कुटायचं सोडलं का?"

आई हसली. परतीच्या बसमध्ये मामा स्थळ मोडण्याची कारणे सांगत राहिले. आईने ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "पोर चांगली शे. आनि ती बाई खरं बोलस." आमचे लग्न त्या वाक्यावर ठरले.

मॅडमचे काम काय, हे या ग्रंथाच्या बऱ्याच वाचकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मला समजले तसे सांगतो. आपल्या शरीरातली प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. ती प्रयोगशाळेत बनवायची तर दोन अमिनो आम्ले नुसती शेजारी ठेवून ती एकमेकांना धरत नाहीत. मधून पाण्याचा एक रेणू काढून घ्यावा लागतो. हे काम डीसीसी करते. त्याचे पूर्ण नाव डायसायक्लोहेक्झाइलकार्बोडायइमाइड. काढलेले पाणी ते स्वतः घेते, त्याचा पांढरा गाळ होतो, आणि तो गाळून टाकला की खाली जोडलेली आम्ले उरतात.

मॅडम मूळच्या भडगावच्या. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. मॅडम हे काम एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत शिकल्या. तिथे राहण्याची सोय असूनही त्या जळगावला परत आल्या. कारण विचारले की सांगत, "तिकडे सगळं आहे. इथे काही नाही. मग माझी गरज कुठे?" कॉलेजात पहिल्या वर्षी एका सहकाऱ्यांनी त्यांना विचारले होते, "जळगावात पेप्टाइड करणार? त्यापेक्षा केळीचे वेफर्स करा." मॅडम म्हणाल्या, "वेफर्स तुम्ही करा. मला फक्त एक मोकळा ओटा द्या." ओटा मिळाला. संशोधन केंद्राची मान्यता मिळायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. म्हणून ज्योती त्यांची पहिली विद्यार्थिनी झाली, तेव्हा मॅडमचे केस पांढरे व्हायला लागले होते.

ज्योतीचे डोळे सुजल्यावर मॅडमनी कामाची पद्धत बदलली. डीसीसी फ्रिजमध्ये ठेवले की दगडासारखे घट्ट होते. ते चमच्याने खरवडून काढावे लागते आणि खरवडताना भुकटी उडते. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये त्यासाठी हवा ओढून घेणारी चांगली कपाटे असतात. इथल्या कपाटाचा पंखा वीज असली तर चालायचा. मॅडमनी पुस्तक उघडून वितळण्याचा अंक पाहिला. चौतीस-पस्तीस अंश. जळगावात मार्चपासून दुपारी याहून जास्तच असते.

"आपल्याकडे एवढं ऊन आहे ते काय फक्त पापड वाळवायला?" त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून खरवडणे बंद झाले. बाटली फ्रिजमधून निघून साध्या कपाटात आली. उन्हाळ्यात आतले रसायन आपोआप पातळ होई. ते पिपेटने रबरी फुग्याच्या साहाय्याने ओढून घ्यायचे. भुकटीचा प्रश्नच नाही. हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात उभी करायची. जोडणीचे बहुतेक काम मात्र उन्हाळ्यात काढायचे. फ्लास्क थंड ठेवायला बर्फ लागे, तो बर्फ कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून येई. लग्नानंतर ज्योती आठवडाभर असोद्याला राहून जळगावला जायची आणि शनिवारी शिंदखेड्याला यायची. ती म्हणायची, "लोकांचा केळीचा हंगाम असतो, कापसाचा असतो, आमचा डीसीसीचा." तिच्या पापण्या पुन्हा कधी सुजल्या नाहीत.

प्रबंध लिहिताना तिने वापरलेल्या प्रत्येक रसायनाचे वर्णन दिले. डीसीसीपुढे तिने लिहिले, रंगहीन द्रव. तिने चार उन्हाळे ते तसेच पाहिले होते, म्हणून तसे लिहिले.

मग बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. ते एका नामांकित संस्थेतले ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी लिहिले होते की डीसीसी हा पांढरा, मेणासारखा घन पदार्थ आहे हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते, आणि उमेदवाराने तो प्रत्यक्ष हाताळला आहे की नाही याबद्दल शंका येते. एका शब्दावरून तिचे सगळे काम खोटे असल्याचा संशय घेतला गेला होता. धुळ्याच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती, पण पदवी हातात आल्याशिवाय ती नोकरी मिळणार नव्हती.

कॉलेजातल्या मंडळींचे म्हणणे सरळ होते. विभागप्रमुख मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही तरी समजावा. द्रवच्या जागी घन लिहायचं. एका शब्दाचं काम आहे. मॅडमना निवृत्तीला वर्ष राहिलंय, त्यांनी आता कशाला भांडायचं?"

मी ते मॅडमच्या कानावर घातले. त्या बर्फ फोडत होत्या. हातोडी खाली ठेवून म्हणाल्या, "शिंदखेडेकर, तुम्ही गणित शिकवता. उत्तर बरोबर आहे, पण परीक्षकाला आवडलं नाही. मग मुलाला खोडायला लावता का?"

मॅडमनी ज्योतीला बोलावले.

"प्रबंध तुझा आहे. नोकरीही तुझी आहे. बदलायचं असेल तर बदल, मी सही करीन. पण बदल म्हणून मी सांगणार नाही."

"नाही बदलायचं," ज्योती म्हणाली.

"विचार करून सांग."

"केला मॅडम. हे बदललं तर ते म्हणतील, बघा, खोटंच होतं."

त्या शनिवारी घरी आईने विचारले, काय झाले. मी सगळे समजावून सांगितले. आईला डीसीसी तेवढे आठवत होते. ती म्हणाली, "तिनी जे दखं, तेच लिखं ना? मंग काय?" विभागप्रमुखांना मी आईचेच उत्तर प्रमाण मराठीत कळवले.

मॅडमनी विद्यापीठाला उत्तर पाठवले. त्यात दिलगिरी नव्हती. वर्णन निरीक्षणाप्रमाणे असून ते बदलण्यात येणार नाही, आणि परीक्षकांनी मौखिक परीक्षेस प्रत्यक्ष यावे, असे त्यात होते. तारीख सुचवायला सांगितल्यावर त्यांनी मे महिना सुचवला. कार्यालयातून फोन आला की मे महिन्यात बाहेरचे लोक जळगावला यायला नाखूश असतात. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच."

मौखिक परीक्षा सर्वांसाठी खुली असते, म्हणून मीही मागच्या बाकावर बसलो होतो. परीक्षक सर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पंखा गरम हवा फिरवत होता. सर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाकीचे प्रश्न नीट विचारले, ज्योतीने नीट उत्तरे दिली. शेवटी ते त्या शब्दावर आले.

"डीसीसीची भौतिक अवस्था कोणती?"

"कोणत्या महिन्यात, सर?" ज्योतीने विचारले.

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. मॅडमनी वळून पाहिले आणि हसू थांबले. सरांना राग आला असावा. ते म्हणाले, "हा चेष्टेचा विषय नाही."

"मी चेष्टा करत नाही सर. बाटली दाखवू का?"

बाटली विषाचे चित्र असलेल्या कपाटात होती, सील न तोडलेली. ज्योतीने ती आणून सरांच्या पुढ्यात ठेवली. सरांनी आधी लेबल वाचले. मग बाटली उचलून तिरकी केली. आतला द्रव पाण्यासारखा गळ्यापर्यंत सरकला. त्यांनी ती सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मग चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे एसी आहे," ते म्हणाले. "तीस वर्षांत मी हे असं पाहिलं नाही."

त्यांनी तिथेच सही केली. एवढेच म्हणाले की शब्दाशेजारी तपमान लिहा. ज्योतीने पान उघडून दाखवले. तपमान लिहिलेले होते. मुले टाळ्या वाजवायला लागली तेव्हा मॅडम ताडकन उठल्या. "पाहुणे आहेत ते. टाळ्या कसल्या वाजवता? जा, सरांना ताक आणा." सरांनी दोन ग्लास ताक घेतले. जाताना त्यांनी ज्योतीला सांगितले की पुढच्या वर्षी ते वर्गात हे उदाहरण देतील. त्यांनी दिले की नाही मला माहीत नाही.

धुळ्याची नोकरी मिळाली. ज्योतीने तिथे मुलींना शिकवले, मॅडमच्या पद्धतीने काम चालवले. मॅडम निवृत्त झाल्या, पण खिडकीजवळचे टेबल त्यांनी सोडले नाही. आजही त्या दुपारी तिथे असतात.

आता मला थोडे आजारपणाबद्दल लिहायचे आहे, कारण मॅडमचा स्वभाव मला तेव्हा पुरता कळला. ज्योती धुळ्याला दवाखान्यात होती. मॅडम जळगावहून एसटीने यायच्या. एकदा आमच्या नात्यातल्या एक अक्का उशाशी बसून तिला सांगत होत्या, "सहन कर पोरी, भोग असतात." ज्योती ओठ दाबून पडली होती. मॅडमनी पिशवी खाली ठेवली.

"सहन कशाला करायचं? ज्योती, दुखतंय?"

तिने मान हलवली.

"मग ओरड. सांगितल्याशिवाय कसं कळेल?" आणि त्या स्वतः जाऊन नर्सला घेऊन आल्या. वेदनेचे औषध वेळेवर का दिले नाही हे त्यांनी तिला विचारले. आवाज चढवला नाही, पण उत्तर मिळेपर्यंत तिथून हलल्याही नाहीत. पुढे औषध वेळेवर मिळत गेले. मी इतके दिवस तिथे होतो, मला हे विचारायचे सुचले नव्हते.

ज्योती गेल्यावर घरी येणारा प्रत्येक जण म्हणे, देवाची इच्छा. मॅडम आल्या, माझ्या आईशेजारी सतरंजीवर बसल्या. कोणीतरी पुन्हा तेच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "कोणाचीही इच्छा नव्हती. झालं ते चुकीचं झालं." आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या दिवसांत तेवढ्या एका वाक्याने बरे वाटले.

जळगावच्या कॉलेजात शोकसभा झाली. एका वक्त्यांनी चांगल्या हेतूने भाषण केले. ते म्हणाले, डीसीसी जसे दोघांना जोडून देते आणि स्वतः शांतपणे बाहेर पडते, तशा ज्योतीताई आपल्यातून बाहेर पडल्या. सभा गहिवरली होती. मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांना बोलायला कोणी सांगितले नव्हते.

"बाहेर पडतो तो गाळ," त्या म्हणाल्या. "गाळ आपण गाळून फेकून देतो. माझ्या विद्यार्थिनीला गाळ म्हणू नका. जी आम्लं जोडली जातात ती साखळीत राहतात. ज्योती साखळीत आहे. तिच्या मुली धुळ्यात काम करताहेत, जाऊन पाहा. आणि डीसीसीने माणसाच्या अंगावर पुरळ उठतं. कोणाच्या मायेला त्याची उपमा देऊ नये. बसा आता."

वक्ते बसले. मॅडमही बसल्या. मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो. त्यांची पाठ हलत होती, म्हणजे त्या रडत होत्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिले.

सत्कार समारंभाबद्दलही सांगायला हवे. समितीने डिसेंबर ठरवला होता. हवा चांगली असते, बाहेरगावची माणसे येतात. मॅडमनी मे महिना सांगितला. समितीचे अध्यक्ष माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "मॅडम, मे मध्ये कोण येईल?"

"ज्यांना यायचं ते येतील."

"हॉलला एसी नाही."

"मग बरंच आहे. टेबलावर बाटली ठेवता येईल."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मे ठेवा." माझ्या स्वभावाप्रमाणे मी मधे बोलत नाही, पण बोललो.

लेख पाठवल्यानंतर एक गोष्ट घडली, म्हणून हा मजकूर नंतर जोडत आहे. ग्रंथाची मुद्रिते तपासणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांचा पुण्याहून फोन आला. फार नम्रपणे बोलले. "सर, एक छोटी दुरुस्ती सुचवतो. शीर्षकातच चूक गेली आहे. डीसीसी घन असते. मी बदलून घेऊ का?"

मी विचारले, "तुमच्याकडे आत्ता थंडी आहे का?"

"हो सर, चांगलीच आहे."

"मग तुमचंही बरोबर आहे. पण शब्द तसाच राहू द्या."

"सर, ग्रंथ बाहेर जाणार. लोक हसतील."

"हसू द्या," मी म्हणालो. "त्यांना मे महिन्यात जळगावला यायला सांगा."

एवढे कडक मी शाळेतही कोणाशी बोलत नाही. पण तो शब्द माझा नव्हता. तो ज्योतीचा होता, आणि तिची नोकरी जाण्याची वेळ आली तरी मॅडमनी तिला तो खोडायला लावला नव्हता. तो आता पुण्यात बसून कोणी खोडावा आणि मी हो म्हणावे, हे होणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "शिंदखेडेकर, पास झालात."

पंचाहत्तरीला माणसाला शंभर शरद ऋतू पाहा असे म्हणण्याची रीत आहे. शरद ऋतू खानदेशात कधी येतो आणि कधी जातो ते आम्हाला नीट कळत नाही. आम्हाला उन्हाळा कळतो. म्हणून मी मॅडमसाठी उन्हाळे मागतो. त्यांनी शंभर उन्हाळे पाहावेत. गुडघे दुखतात त्याचे औषध वेळेवर घ्यावे, आणि दुखले तर सहन न करता ओरडावे, जसे त्यांनी ज्योतीला सांगितले होते. दर मे महिन्यात खिडकीजवळच्या त्या टेबलावरून उठून कपाट उघडावे, बाटली स्वतःच्या हाताने तिरकी करावी, आणि आत काय दिसते ते कोणालाही न विचारता सांगावे. आम्ही तेच लिहू.